उजव्या कुशीवर

शेषराव जनावरं पाडत. उंद्रीच्या आजूबाजूच्या दहा-बारा खेड्यांत एवढं सांगितलं की माणूस थेट त्यांच्या दारापर्यंत यायचा, आडनाव विचारावं लागत नसे. बैलाच्या खुरांना नाल ठोकायचे तर बैल आधी आडवा झाला पाहिजे. गोऱ्ह्याला चिमटा लावून खच्ची करायचं तर तोही आडवा झाला पाहिजे. आणि चारशे किलोचं जनावर कोणी सांगितलं म्हणून आडवं होत नाही. नाल ठोकणारा वेगळा असे, चिमटा लावणारा वेगळा. शेषराव फक्त पाडत. पाडलं, पाय बांधले, मानेवर गुडघा दिला, की त्यांचं काम संपलं.

या कामानं त्यांच्या अंगावर खुणा ठेवल्या होत्या. डाव्या हाताची करंगळी दोराच्या फासात गेली होती. दोन बरगड्या एका खिल्लारानं मोडल्या होत्या आणि त्या वेड्यावाकड्याच जुळल्या होत्या. कपाळावर शिंगाची खोक होती. बदल्यात त्यांनीही जनावरांना कमी दिलं नव्हतं. वेसण पिळून रक्त काढलं होतं, शेपट्या मुरगळल्या होत्या, अडून बसलेल्या बैलाच्या पोटात लाथा घातल्या होत्या. रागानं नव्हे. सुतार लाकडावर रंधा मारताना रागावलेला असतो का? तसंच ते.

दोर अंबाडीचा होता, तीस हात लांब, तेल पाजून मऊ केलेला. आधी मानेला फास. तिथून पाठीवरून मागं आणून छातीला वेढा, त्यामागं कंबरेला दुसरा वेढा, आणि उरलेलं टोक शेपटीमागं सरळ ओढणाऱ्याच्या हातात. दोन्ही वेढे आवळले की जनावराच्या पायांतलं बळ जातं. ते डुलतं, गुडघे टेकतं, आणि त्याच क्षणी शेषराव उजव्या अंगानं पुठ्ठ्यावर खांद्याचा धक्का देत. जनावर डाव्या कुशीवर कोसळे. नेहमी डाव्याच. हे काम ज्याच्या हाताखाली शिकले त्या त्यांच्या मामानं तसंच शिकवलं होतं. पण मामाचं शिकवणं हे एक कारण झालं. दुसरं कारण गावात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी त्यांच्यासमोर काढत नसे.

अठरा वर्षांपूर्वी शेजारच्या माणिकरावांचा ढवळा बैल नालासाठी पाडायचा होता. डाव्या हाताला दगडी हौद होता. माणिकराव म्हणाले, "उजव्या कुशीवर पाड ना बे, काय फरक पडते?" शेषरावांनी उलट्या बाजूनं गाठ घातली. बैल पडताना त्याचं शिंग मातीत रुतलं आणि मागून सगळं धूड त्या मानेवर आलं. ओला बांबू मोडावा तसा आवाज झाला. बैल मेला नाही लगेच. डोळे उघडे ठेवून, श्वास ओढत, तो तासभर शेषरावांकडे पाहत राहिला. माणिकरावांनी हातातला आसूड शेषरावांच्या तोंडावर ओढला, एकदाच. गाव पाहत होतं. शेषरावांनी गाल पुसला नाही. त्या दिवसापासून त्यांनी एकही जनावर उजव्या कुशीवर पाडलं नाही.

पुढं ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, दोर खुंटीला गेला. बायको वारली. राहिली एकुलती पोर, पुष्पांजली.

पुष्पांजली जळगाव जामोदकडे दिली होती. जावई गोपाल धडधाकट, बोलायला गोड, आणि दार लागलं की हात सैल सोडणारा. पहिल्यांदा ती ओठ फाटून आली, तेव्हा शेषरावांनी तिला आठ दिवस ठेवून घेतलं आणि स्वतः नेऊन सोडलं. दुसऱ्यांदा पाठीवर पट्ट्याचे वळ घेऊन आली, तेव्हाही नेऊन सोडलं. "नांदाव लागते, बाई," म्हणाले. तिसऱ्यांदा ती बसमधून उतरली तेव्हा उजवं मनगट भलतीकडेच वळलेलं होतं. मोडलेलं हाड शेषरावांना लांबून ओळखू येई. त्यांनी तिची पिशवी हातात घेतली. तिला घरात घेतलं आणि बाहेर ओट्यावर येऊन बसले.

मग बैठक झाली. दोन्हीकडची चार-चार माणसं. गोपाल सासऱ्याकडे बोट करून म्हणाला, "मामाजवळ ना वावर ना बैल. पोरीले खाऊ काय घालतीन?" पुष्पांजली उठून म्हणाली, "माह्यी गाय मले खाऊ घालन." आईच्या पाटल्या मोडून तिनं काळी-पांढरी, भरपूर दुधाच्या एचएफ जातीची गाय आणली होती, चंद्री. बैठकीतल्या माणसांना तोडगा हवाच होता. ठरलं असं, की दावणीला गाय आहे आणि ती दूध देते तोवर पुष्पांजली बापाकडे राहील. गाय गेली तर ती सासरी जाईल. माणसांनी मान डोलावली, चहा घेतला, आणि एका पोरीचं मनगट एका गायीच्या पोटाला बांधून आपापल्या गावी गेली.

तीन वर्षं चंद्रीनं ते निभावलं. तिसरं वेत झालं, कालवड झाली. पुष्पांजलीनं चंद्रीला व्याल्याच्या पहिल्या दिवसापासून जास्त दुधासाठी मक्याचा भरडा आणि सरकीची ढेप पाटी भरभरून घातली, कडबा मात्र जेमतेम. दहाव्या दिवशी गायीनं भरड्याला तोंड लावलं नाही. बाराव्या दिवशी दूध पातेल्याच्या बुडाशी आलं. शेण घट्ट, काळं, मूठभर. डाव्या बरगड्या बाहेर फुगल्यासारख्या दिसायला लागल्या.

"पोट फुगलं," गाव म्हणालं. मग पोटफुगीवर जे करतात ते सगळं झालं. खायचा सोडा पाण्यात कालवून दोन दिवस नळीनं पाजला. गोडेतेल पाजलं. तेराव्या दिवशी सकाळी शेषरावांनी गोवऱ्यांचा विस्तव केला आणि त्यात विळा ठेवला.

"बाबा, नका ना," पुष्पांजली म्हणाली.

"तुह्या आईच्या म्हशीले म्या असाच डाग देल्ला होता. उठून उभी राह्यली होती का नाही?"

"ते उठली, मंग चार दिवसानं मेली."

"ते चार दिवसानं. डागानं नाही मेली." शेषरावांनी दोराचा एक वेढा देऊन गायीला खुंट्याशी जखडलं, विळा लालभडक झाल्यावर उचलला आणि डाव्या बरगड्यांवर टेकवला. केस जळाले, कातडं चरचरलं. चंद्री हंबरली नाही, ती किंचाळली. गाय किंचाळते हे ज्यानं ऐकलं नाही त्याला सांगून समजायचं नाही. शेषरावांनी बोटभर अंतरावर दुसरी रेघ ओढली, मग तिसरी. गायीनं मागचा पाय झाडला, तो बादलीवर बसला आणि बादली भिंतीवर जाऊन आपटली. पुष्पांजली कालवडीला घट्ट धरून कोपऱ्यात बसली होती. तिला वाटलं, आपल्याला मारताना गोपालही असाच शांत असायचा.

तासाभरानं तिनं बापाला न विचारता डॉक्टरांना फोन लावला. आणि तोवर दुसऱ्या कोणीतरी गोपालला लावला होता, कारण साडेदहाच्या सुमाराला दोघंही दारात आले. डॉक्टर स्कूटीवर, गोपाल मोटारसायकलवर.

गोपालनं गाडी लावली, गायीकडे पाहिलं आणि हसला. "मामा, हे काही राह्यत नाही. पुष्पे, पिशवी भर. चार वाजताची बस सापडते, नाहीतर गाडीवर चाल."

"गाय जित्ती हाय अजून," पुष्पांजली म्हणाली.

"दूध हाय का? बैठकीत दूध ठरलं होतं."

डॉक्टर धम्मशीला बुलढाण्याची होती. सत्तावीस वर्षांची, उंची जेमतेम पाच फूट, खांद्यावर तिच्यापेक्षा जड वाटणारी बॅग. तिनं गोपालकडे लक्ष दिलं नाही. गायीच्या तोंडाशी नाक नेलं. सडक्या सीताफळासारखा गोडसर वास येत होता. डाव्या अंगाला गेली, आणि डाग पाहून तिचं तोंड बदललं.

"हे कोणी केलं?"

"म्या," शेषराव म्हणाले. "पोट फुगलं होतं."

"पोट फुगलं असतं तर ही भकाळी वर आली असती." तिनं बरगड्यांमागचा खोलगट भाग दाबला. "ही तर आत गेली आहे, काका. फुगलं आहे ते बरगडीखाली." तिनं तपासायची नळी कानाला लावली, दुसरं टोक बरगड्यांवर, डागांच्या मधल्या फटीत टेकवलं आणि शेजारी बोटानं टिचकी मारली. गाय अंग चोरून थरथरली. डॉक्टरनं पुन्हा मारली. मग नळी काढून शेषरावांच्या कानाला लावली. "ऐका."

रिकाम्या स्टीलच्या हंड्यावर टिचकी मारावी तसा आवाज आला. टिंग. चाळीस वर्षांत शेषरावांनी जनावराचं रडणं, धापणं, मोडणं, सगळं ऐकलं होतं. जनावराच्या आत हंडा वाजलेला ऐकला नव्हता.

"गायीला चार कप्पे असतात पोटाचे," डॉक्टर बॅगेतून लांब सुई काढत म्हणाली. "चौथं पोट आहे ते खरं आपल्यासारखं. तेजाब, म्हणजे ॲसिड, तयार करतं. त्याची जागा खाली, पोटाच्या तळाशी, उजवीकडे. वासरू बाहेर आलं, आत जागा झाली, वरून ह्या ताईनं कडबा सोडून नुसता भरडा घातला. चौथ्या पोटात वायू धरला. पाण्याखाली दाबलेला फुगा सोडल्यावर वर येतो, तसं ते मोठ्या पोटाच्या खालून सरकून डावीकडे वर येऊन बसलं आहे."

"हे तुम्हाले वरून दिसलं का?" गोपाल म्हणाला.

"दिसत नाही. म्हणून कागद." तिनं दोन बरगड्यांच्या मध्ये, जिथं हंडा वाजत होता तिथंच, सुई खुपसली. गाय कळवळून खुंट्यावर आदळली. सिरिंजमध्ये मळकट पाण्याचे चार थेंब आले. तिनं कागदाच्या पिवळ्या पट्टीवर एक थेंब टाकला. पट्टी लाल झाली. "मोठ्या पोटाचं पाणी असतं तर हिरवट झाली असती. हे तेजाब आहे. म्हणजे चौथं पोटच."

मग तिनं गायीच्या मूत्राची पट्टी केली. तीही आंबटाकडे झुकली. डॉक्टरनं ती पट्टी उजेडात धरून पुन्हा पाहिली.

"काय झालं?" पुष्पांजलीनं विचारलं.

"तेजाब पोटात कोंडलं की त्यातलं मीठ रक्तात परत येत नाही. रक्त आंबटाच्या उलट व्हायला लागतं, साबणाच्या पाण्यासारखं. आता अशा वेळी शरीरानं आंबट जपून ठेवायला पाहिजे की नाही? पण मीठ एवढं कमी पडतं की मूत्रपिंडाचं डोकं फिरतं, ते उलट आंबटच बाहेर टाकतं. म्हणजे बरंच पुढं गेलं आहे प्रकरण. तुम्ही सोडा पाजला का?"

"दोन दिवस."

"सोडाही आंबटाच्या उलटच असतो, ताई. रक्त आधीच तिकडे चाललेलं, तुम्ही मागून ढकललं."

पुष्पांजलीनं पदर तोंडाला लावला. शेषराव कागदाकडे पाहत होते. घरात दाणा नाही आणि हे जनावर दारावर उभं राहून दाणे वाटून राहिलं आहे, असं त्यांना वाटलं. पोरीला दोनदा नेऊन सोडताना आपणही तेच केलं होतं.

"आता?" ते म्हणाले.

"आता तिला पाडायचं, पाठीवर उलटं करायचं, हलवायचं. वायू वर जातो, तर गाय पाठीवर आल्यावर वर म्हणजे कुठं? पोटाच्या तळाकडे. चौथं पोट आपसूक जागेवर येतं. तिथं मी बाहेरून नळी खुपसून दोन टाके अडकवते, म्हणजे परत सरकणार नाही. तालुक्याला नेऊन पोट फाडता येईल, पण रस्त्यात मरेल. इथंच करू. पाडणारं कोणी आहे का गावात?"

माणिकराव कुंपणापलीकडे उभे राहून सगळं ऐकत होते. ते हसले. "डॉक्टरबाई, पाडणाऱ्यालेच इचारून राह्यल्या तुम्ही."

शेषरावांनी भिंतीतल्या खुंटीवरचा दोर काढला.

"एक लक्षात ठेवा, काका," डॉक्टर म्हणाली. "उजव्या कुशीवर पाडायचं. डावी वर राहिली पाहिजे. डावी खाली गेली तर फुगलेलं पोट त्या मोठ्या पोटाखाली दाबलं जाईल. फाटलं तर तेजाब आत सांडेल. मग काहीही करता येणार नाही."

"हाव," शेषराव म्हणाले. माणिकरावांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि नजर फिरवली.

माणसं लागणार होती. माणिकराव कुंपण ओलांडून आले. रस्त्यानं चाललेल्या ज्ञानेश्वरला, माणिकरावांच्या पुतण्याला, हाक मारली. चौथा माणूस गोपाल. "मी काऊन?" तो म्हणाला. "बस चार वाजता हाय, तोवर बसून काय करशीन?" माणिकरावांनी दटावलं. गोपालनं गंमत पाहायला मिळते म्हणून बाह्या वर केल्या आणि कुंपणातली काठी उपसली.

शेषरावांनी मानेत फास टाकला, छातीला वेढा, कंबरेला वेढा, कासेला दोर लागणार नाही असा. हात आपोआप चालत होते. माणिकराव आणि ज्ञानेश्वर मागं टोक धरून उभे राहिले. "वढा!" दोर ताठला. चंद्री डुलली. तिच्या घशातून घरघर आली, गुडघे वाकले, आणि शेषरावांच्या डोळ्यांपुढं मातीत रुतलेलं शिंग आलं. चाळीस वर्षांचा खांदा त्यांना न विचारता उठला आणि उजव्या अंगानं पुठ्ठ्यावर बसला.

गाय डाव्या कुशीवर कोसळली.

"उजव्या म्हटलं होतं!" डॉक्टर किंचाळली. "सोडा! सोडा दोर! उठवा तिला!"

दोर सुटला तरी गाय उठेना. तिचं पोट जमिनीवर पिठाच्या पोत्यासारखं पसरलं होतं, जीभ बाहेर आली होती. ज्ञानेश्वरनं शेपटी पिळली. गाय कशीबशी छातीवर आली तशी गोपालनं काठी घातली, आणि ती नेमकी डाव्या बरगड्यांच्या डागांवर बसली. सुजलेलं कातडं फुटलं, रक्तपाणी उडालं. चंद्रीनं सगळं बळ एकवटून लाथ झाडली. लाथ शेषरावांच्या मांडीवर आली, ते भेलकांडत भिंतीवर आदळले. गाय धडपडत उठली, पाय फाकून उभी राहिली, थरथरत, नाकातून फेस.

डॉक्टरनं धावत जाऊन नळी लावली. टिचकी. टिंग. "फाटलं नाही," ती म्हणाली. "अजून फाटलं नाही. पण पुन्हा असं झालं तर मी हात लावणार नाही."

गोपाल खदखदून हसला. "मामा, तुमचं हे एक काम होतं दुनियेत. तेही गेलं!"

पुष्पांजली बापापुढं येऊन उभी राहिली. ती ओरडली नाही. "बाबा, तुम्ही मले दोन डाव नेऊन सोडलं त्याच्या घरी," ती हळू आवाजात म्हणाली. "तेव्हाही तुम्हाले एवढंच येत होतं. आता तरी दुसऱ्या बाजूनं करा ना."

शेषराव भिंतीला टेकून उभे होते. मांडीत कळ मारत होती. ते माणिकरावांकडे पाहत म्हणाले, "मले जमत नाही. ढवळ्याची मान दिसते."

अठरा वर्षांत पहिल्यांदा ते नाव दोघांच्या मध्ये उच्चारलं गेलं. माणिकराव पुढं आले. मग त्यांनी दोराची गाठ स्वतःच्या हातांनी सोडून उलट्या बाजूला घेतली. "धक्का मी देतो," ते म्हणाले. "दोर ग्यान्या अन् जवाई वढतीन. तू मुंडी धर, शेषा. तेव्हा मुंडी धराले कोणी नव्हतं. म्या शहाण्यानं तुले एकट्यालेच जुंपलं होतं."

शेषरावांनी कडब्याच्या दोन पेंढ्या उजवीकडे, जिथं मान पडणार तिथं टाकल्या. गायीची मान दोन्ही हातांनी छातीशी घेतली, तिच्या शिंगाचा खुंट स्वतःच्या काखेत धरला. तिच्या नाकातला तो गोड कुजका वास त्यांच्या तोंडावर येत होता.

"वढा!"

दोर कचकन आवळला. चंद्री आता दोर ओळखत होती. ती पडायच्या ऐवजी पुढं झेपावली आणि शेषरावांना फरफटत घेऊन गेली. त्यांची पाठ गव्हाणीवर घासली, सदरा फाटला. गोपालनं दोर सोडून पुन्हा काठी उचलली. "काठी टाक बे!" माणिकराव गरजले आणि त्याच क्षणी त्यांनी खांदा दिला. गाय उजवीकडे कलली. शेषराव मान धरून तिच्याबरोबर पडले, खाली ते, वर ती. त्यांचा उजवा हात शिंगाच्या खुंटाखाली दगडावर आला आणि काहीतरी चिरडलं. ओला बांबू नव्हता. त्यांचं स्वतःचं बोट होतं.

मान शाबूत होती.

"उलटी करा, उलटी!" चार पाय बांधून त्यांनी गायीला पाठीवर आणलं. ज्ञानेश्वर आणि गोपाल पुढच्या-मागच्या पायांना धरून, माणिकराव पुठ्ठ्याशी. डॉक्टर ओरडत होती, "हलवा! डावीकडे! उजवीकडे! जोरानं!" पाचशे किलोची गाय होडीसारखी डोलत होती. तिच्या आत पाणी खळखळल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. ती ओरडत होती आणि शेषराव तिचं डोकं मांडीवर दाबून बसले होते, चिरडलेल्या बोटाचं रक्त तिच्या डोळ्यावर गळत होतं.

डॉक्टर गायीच्या वर आलेल्या पोटाशी गुडघ्यावर बसली. छातीच्या हाडामागं, मध्यरेषेच्या जरा उजवीकडे तिनं टिचकी मारून ऐकलं. पोटाच्या तळाकडे यायला पाहिजे होतं ते आलं होतं. हंडा आता तिथं वाजत होता. तिनं जाड नळीची टोकदार सुई तिथं टेकवली आणि सगळं वजन टाकून एका झटक्यात आत घातली. गायीचं अंग धनुष्यासारखं ताणलं. गोपाल फेकला गेला. नळीतून फुस्स करत वायू बाहेर पडला, आंबूस, करपट वासाचा. डॉक्टरनं पट्टी नळीच्या तोंडाशी धरली. लाल. तिनं दोरा बांधलेली प्लास्टिकची छोटी काडी नळीतून आत लोटली, नळी काढली, चार बोटांवर दुसरी घातली. वायू सरत आला होता. दोन्ही दोऱ्यांची गाठ मारताना तिनं मध्ये मूठभर ढील ठेवली.

"डाव्या अंगावरून उठू द्या. सावकाश."

चंद्री डाव्या कुशीवर आली, तिथून गुडघ्यांवर, तिथून चार पायांवर. तिच्या पोटावर दोऱ्याचा काळा टाका लोंबत होता, बरगड्यांवर तीन फुटके डाग. डॉक्टरनं मानेच्या शिरेत सलाईन लावलं. बाटली खुंटीला टांगली, त्याच, जिथं दोर असायचा. "हे मीठच आहे," ती पुष्पांजलीला म्हणाली. "एवढी एक नाही पुरणार, सहा-सात जातील, मी थांबते. सोडा नाही. भरडा नाही. कडबा, नुसता कडबा. आणि काका, तुमचं बोट दाखवा आधी."

"थांबा," शेषराव म्हणाले.

तिसऱ्या बाटलीनंतर, दुपार कलली तेव्हा, चंद्रीनं मान खाली घातली. ज्या पेंढ्यांवर तिची मान पडली होती त्यातलं कडब्याचं एक ताट तिनं ओढलं आणि चावायला लागली. नुसता कडब्याचा कडकड आवाज.

गोपालनं घड्याळ पाहिलं. "एक ताट खाल्लं म्हणजे दूध आलं का? उद्या मरते ते. चाल." त्यानं पुष्पांजलीचं मनगट धरलं. उजवं. वाकडं जुळलेलं.

शेषराव उठले. मांडी धरून आली होती, म्हणून सावकाश उठले. जमिनीवरचा दोर गोळा केला, फास मोकळा केला, आणि रक्तानं चिकट झालेल्या हातात धरून जावयाच्या डाव्या अंगाला जाऊन उभे राहिले. अठरा वर्षांत पाडायचा दोर घेऊन ते कोणाच्या डाव्या अंगाला उभे राहिले नव्हते.

"जवाईबापू, हात सोडा," ते म्हणाले. आवाज अगदी शांत होता, बैलाशी बोलायचे तसा. "कालवरोक मले एकाच कुशीवर पाडता येत होतं. आता दोन्हीवर येते."

गोपाल हसायला गेला. त्यानं शेषरावांच्या खांद्याकडे पाहिलं, मग फासाकडे. मग मागं वळून माणिकरावांकडे पाहिलं. बैठकीत त्याच्या बाजूनं मान डोलावणाऱ्यांत तेही होते. माणिकरावांनी दोराचं दुसरं टोक उचललं आणि हाताला दोन वेढे घेतले.

मनगट सुटलं.

"बैठक पुन्हा बसवीन मी," गोपाल गाडीला किक मारत म्हणाला.

"बसव," माणिकराव म्हणाले. "या खेपी म्या पाह्यलेलं सांगीन."

गाडीचा आवाज रस्त्याला लागेपर्यंत शेषरावांनी दोर खाली ठेवला नाही. मग डॉक्टरनं त्यांचं बोट दोन काड्यांमध्ये बांधलं. बांधताना ती म्हणाली, "एकदा ऐकून घ्या, काका. परत सरकलं तर तुम्हालाच आधी कळलं पाहिजे." तिनं नळी त्यांच्या गळ्यात अडकवली.

शेषराव गायीच्या डाव्या अंगाला गेले. हात बरगड्यांजवळ नेताच चंद्रीनं कान मागं टाकले आणि मागचा पाय उचलून धरला. सकाळचा विळा तिच्या लक्षात होता. शेषरावांचा हात तिथंच थांबला. ते दोन पावलं मागं सरले, नळी गळ्यातून काढली आणि पुष्पांजलीच्या कानाला लावली.

"मले नाही येऊ देत ते," म्हणाले. "तू वाजव."

पुष्पांजलीनं डागांच्या मधल्या फटीत टिचकी मारली. डोळे मिटून ऐकलं. पुन्हा मारली.

"काय वाजते?" शेषरावांनी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "ठप्प. भरल्या पोत्यावानी."